धातू टिकतो, रबर मरतं

साठ वर्षं शेडमध्ये पडून असलेलं होडीचं इंजिन पुन्हा चालू होऊ शकतं, आणि नीट क्रमानं हात घातला तर बहुतेक वेळा होतंच. याचं कारण त्याच्या बांधणीत आहे. होडीच्या मागच्या फळीला शिकंजा आवळून बाहेरून लटकवायचं हे यंत्र म्हणजे आउटबोर्ड मोटर. वर फ्लायव्हील आणि सिलिंडर, मधे लांब दांडा, तळाशी गिअरची पेटी आणि पंखा. पूरबचावाच्या पथकांत तिला ‘ओबीएम’ म्हणतात. साठच्या दशकातल्या अशा मोटरीत संगणक नाही, सेन्सर नाही, बॅटरीसुद्धा नाही. जे आहे ते सगळं पान्यानं उघडता येतं आणि डोळ्यांनी दिसतं.

तिच्यात मरतं ते काय? ओतीव ॲल्युमिनियमचं सिलिंडर, पोलादी क्रँक, पितळी जेट हे शंभर वर्षं टिकतात. मरतं ते रबर, बूच, वायरीवरचं वेष्टण, कागदी गॅस्केट, ऑइल सील आणि टाकीत विसरलेलं पेट्रोल. थोडक्यात, मऊ ते सगळं. म्हणून जुनी मोटर जिवंत करणं याचा अर्थ तिचे मऊ भाग शोधून एकेक करून बदलणं, आणि ते करताना कठीण भागांना इजा होऊ न देणं. दिल्लीच्या आसपासच्या एखाद्या फार्महाऊसच्या पडवीत किंवा लिलावात निघालेल्या सामानात अशी जॉन्सन, एव्हिनरूड किंवा ब्रिटिश सीगल सापडली, तर पहिला माणूस तिला भंगार म्हणतो आणि दुसरा दोरी ओढायला धावतो. दुसऱ्याच्या हातून जास्त नुकसान होतं.

ही मोटर मुळात साध्या माणसासाठी केलेली होती, हे तिच्या जन्मकथेतच आहे. होडीला बाहेरून लावायचं इंजिन अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यानं १९०५च्या सुमारास करून पाहिलं आणि विकायलाही काढलं. पण ती घरोघरी नेली ओले एव्हिनरूड यानं. हा १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर विस्कॉन्सिनला आलेला पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा कारागीर. १९०६च्या ऑगस्टमध्ये तळ्याकाठच्या सहलीत बेस या मैत्रिणीला आइस्क्रीम हवं झालं, ते आणायला तो वल्ही मारत तळं ओलांडून गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं आणि त्याच्या डोक्यात इंजिन शिरलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला नंतर थोडी झिलई चढली असेल, पण पुढचं सगळं पक्कं आहे. १९०९ साली विक्रीला आलेली त्याची मोटर दीड अश्वशक्तीची, वजन ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमत ६२ डॉलर. पहिला नमुना पाहून हे तर कॉफी दळायचं यंत्र दिसतंय, असं बेस म्हणाली होती. तीच पुढे त्याची बायको झाली, हिशेब आणि जाहिराती तिनंच सांभाळल्या, आणि वल्ही फेकून द्या असं सांगणाऱ्या तिच्या जाहिरातीनं धंदा उभा राहिला. ओलेइतकंच श्रेय तिचं आहे असं मी मानतो.

पुढची साखळी भरभर सांगतो. जॉन्सन बंधूंची हलकी दोन सिलिंडरची मोटर १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. १९३६ साली जॉन्सन आणि एव्हिनरूड एका छत्राखाली गेले, त्यामुळे त्यानंतरच्या दोन्ही नावांच्या मोटरींचे पुष्कळ भाग एकमेकींना लागतात. तिकडे इंग्लंडात ब्रिटिश सीगल तीसच्या दशकात सुरू झाली आणि नव्वदच्या दशकापर्यंत जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. जपानमध्ये यामाहानं पहिली आउटबोर्ड १९६० साली काढली. एव्हिनरूडचं उत्पादन मात्र २०२० साली कायमचं थांबलं. कंपनी गेली तरी तिची यंत्रं चालू राहू शकतात, याला या मोटरींइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आता कामाला लागू. दोरीला हात लावू नका. आधी प्लग काढा आणि त्या भोकातून टॉर्चनं आत बघा. गंज दिसला, किंवा फ्लायव्हील हातानं फिरत नसेल, तर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या आहेत. इंजिन ऑइल आणि रॉकेल किंवा डिझेल यांचं मिश्रण भोकातून ओता आणि मोटर काही दिवस तशीच राहू द्या. रोज फ्लायव्हीलला हातानं हलका दाब द्या, पुढे थोडा, मागे थोडा. एक दिवस ते केसभर हलतं आणि त्यानंतर काम सोपं होतं. हातोडा कशावरही मारायचा नाही. फिरू लागलं की वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच फिरवा. बहुतेक आउटबोर्ड त्याच दिशेनं फिरतात, आणि उलट फिरवल्यावर खालच्या पाण्याच्या पंपातली रबरी पाती दुमडून तुटतात.

मग दाब मोजा. कॉम्प्रेशन गेज प्लगच्या भोकाला लावून दोरी चार-सहा वेळा ओढायची. पन्नासच्या दशकातल्या लहान मोटरीत साठ-सत्तर पौंड आले तर घाबरू नका, ती मुळातच कमी दाबाची यंत्रं होती. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत असला की झालं. एक सिलिंडर अगदीच मेलेला असेल तर हेड उघडून गॅस्केट आणि रिंगा पाहाव्या लागतील. ते काम लेथवाल्याकडे जाण्याचं आहे, आणि खर्चाचा विचार करायची जागाही हीच. इथून पुढे जे लागतं ते फार स्वस्त आहे.

या यंत्राचा सर्वांत सुंदर भाग ठिणगीचा. बॅटरी नसताना ठिणगी येते कुठून? फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेला असतो. फ्लायव्हील फिरलं की तो एका कॉइलवरून झपकन जातो. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची थोड्या वेढ्यांची, दुसरी केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. चुंबक जवळून गेला की जाड गुंडाळीत प्रवाह उभा राहतो, आणि तो वाहतो दोन छोट्या पॉइंटांमधून. प्रवाह भरात असतो नेमक्या त्याच क्षणी क्रँकवरचा उंचवटा पॉइंट उघडतो. प्रवाह तुटतो, त्याच्याबरोबर उभं राहिलेलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि त्या कोसळण्यानं बारीक गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका तयार होतो. तोच प्लगच्या टोकाशी ठिणगी बनून उडी मारतो. पॉइंट उघडताना तिथंच ठिणगी पडून सगळी ताकद वाया जाऊ नये म्हणून बाजूला कंडेन्सर असतो. उघडण्याच्या क्षणी तो प्रवाह स्वतःत घेतो आणि तुटणं स्वच्छ होतं. माणसाच्या एका हिसक्यातून हे सगळं घडतं, सेकंदाच्या अगदी लहान अंशात. दर वेळी ते पाहताना मला त्या आराखडा करणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

बिघडतं काय तेही यातूनच कळतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पॉइंटांवर ऑक्साइडचा अदृश्य थर बसतो आणि प्रवाह मुळात वाहतच नाही. फ्लायव्हील काढून बारीक पॉलिश पेपर दोन पॉइंटांत ओढा, मग थिनरमध्ये भिजवलेली कार्डाची पट्टी ओढा. दुसरी पायरी गाळू नका, कारण पेपरची धूळ आणि बोटाचं तेल राहिलं तरी ठिणगी येत नाही. पॉइंट पूर्ण उघडे असताना मधलं अंतर फिलर गेजनं लावा. बऱ्याच जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडवर ते इंचाच्या वीस हजारांश, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असतं. त्यानंतर कॉइल बघा. पन्नासच्या दशकातल्या या कंपन्यांच्या कॉइलचं वेष्टण तडकण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तडा दिसला की कॉइल बदला, तिच्याशी वाद घालत बसू नका. मोकळ्या हवेत सहा मिलिमीटरचं अंतर ओलांडणारी निळी ठिणगी मिळाली की हा विषय संपला.

फ्लायव्हील काढण्याबद्दल एक ताकीद. ते निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेलं असतं. वरच्या तीन आट्यांच्या भोकांत बसणारा पुलर वापरा. कडेखाली पेचकस घालून उचकटलं तर फ्लायव्हील वाकतं, आणि दांड्याच्या टोकावर ठोकलं तर क्रँक आणि बेअरिंग जातं. खाली एक छोटी अर्धगोल चावी असते. ती किंचित कातरली गेली असेल तर ठिणगी उत्तम असूनही ती चुकीच्या वेळी पडते आणि मोटर दोरीला उलटा झटका देते. चावी नवी घाला, दोन-पाच रुपयांची वस्तू आहे.

या टप्प्यावर दिल्लीत राहणारा माणूस नशीबवान आहे. समुद्र हजारेक किलोमीटरवर असला तरी अशा मोटरीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं ज्ञान इथं घरचं आहे. राजदूत मोटरसायकल एस्कॉर्ट्सनं फरिदाबादला बनवली. यामाहाची आरएक्स-१०० १९८५ पासून १९९६ पर्यंत याच एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत निघाली. राजदूत आणि जुन्या चेतकचे पॉइंट लावण्यात आयुष्य घालवलेले मिस्त्री करोलबागच्या गल्ल्यांत, फरिदाबादेत, गाझियाबादेत अजून आहेत. त्यांनी होडीची मोटर पाहिलेली नसेल, पण हा ठिणगी देणारा मॅग्नेटो समोर ठेवला की त्यांचे हात आपोआप चालतात. कश्मीरी गेट आणि मोरी गेटचा मोटरपार्टचा बाजार, स्वामी श्रद्धानंद मार्गावरचा पंप, बेअरिंग आणि हत्यारांचा बाजार, इथं ऑइल सील नावानं मागायचं नसतं. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी व्हर्नियरनं मोजून कागदावर लिहून न्यायची. दुकानदार एव्हिनरूड कोण ते विचारत नाही, सील काढून देतो. कंडेन्सरही मोटरसायकलचा चालून जातो, फक्त त्याची क्षमता मूळच्या जवळची हवी. गॅस्केट कागदाच्या शीटमधून हातानं कापता येतं. खरी अडचण येते ती पाण्याच्या पंपाच्या इम्पेलरची, कारण तो मोटरीच्या मापाचाच लागतो. त्यासाठी मुंबई, कोची अशा बंदरांतल्या विक्रेत्यांकडे किंवा परदेशी मागणी नोंदवावी लागते. म्हणून ती मागणी अगदी पहिल्या दिवशी नोंदवा, बाकीचं काम तोवर करा.

आता इंधन. दिल्लीतल्या कामाचा सगळ्यात अवघड भाग हा आहे, आणि त्याची मुळं आपल्या महाराष्ट्रातल्या उसापर्यंत पोचतात.

देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ती सर्वत्र पोचली. कोल्हापूर-सांगलीच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांनी हे इथेनॉल पुरवण्यात मोठा वाटा उचलला आहे, आणि ऊसकरी शेतकऱ्याच्या हातात त्यातून पैसा येतो. त्या धोरणाशी माझं भांडण नाही. पण १९५५ च्या मोटरीला त्याचं काय होतं, हे माहीत असायलाच हवं. त्या काळच्या कार्ब्युरेटरमधला फ्लोट बुचाचा असे, आणि पेट्रोल आत शिरू नये म्हणून त्याला लाखेचा लेप दिलेला असे. पेट्रोलमध्ये लाख विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळते, फर्निचरचं पॉलिश करणारा प्रत्येक सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो. इथेनॉल हे अल्कोहोलच आहे. त्यामुळे जुन्या फ्लोटवर आजचं पेट्रोल पडलं की लेप सुटतो, बूच पेट्रोल पितं, जड होऊन बुडतं आणि कार्ब्युरेटर ओसंडून वाहू लागतो. शिवाय ती विरघळलेली लाख जेटमध्ये जाऊन बसते. माणूस जेट साफ करत राहतो आणि खरा आजार फ्लोटमध्ये असतो. उपाय सोपा आहे. बूच पूर्ण वाळवा, जुनी लाख घासून काढा आणि इंधनाला न दबणाऱ्या इपॉक्सीचा पातळ लेप द्या. रबरी नळ्याही आजच्या इंधनासाठी केलेल्याच वापरा. जुन्या नळीचं अस्तर आतून सोलून निघतं आणि बाहेरून ती ठणठणीत दिसते.

इथेनॉलचा दुसरा गुण म्हणजे ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात, आणि इंधनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. दिल्लीच्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात अर्धी भरलेली टाकी महिनाभर उभी ठेवली तर हे होण्याचा धोका असतो. म्हणून नियम एकच, चालवायचं तेव्हा ताजं पेट्रोल आणि थांबवल्यावर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी.

कार्ब्युरेटर साफ करताना पितळी जेटमध्ये पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं. तांब्याची बारीक तार आणि क्लीनरचा फवारा पुरेसा. वर दोन सुया असतील तर त्या हलक्या हातानं पूर्ण बसवा, मग मोठ्या वेगाची सुई पाऊण फेरा आणि मंद वेगाची दीड फेरा उघडा. जॉन्सन-एव्हिनरूडच्या बऱ्याच मोटरी एवढ्यावर सुरू होतात, नेमकं जुळवणं चालू झाल्यावर करायचं.

पेट्रोलमध्ये तेल का मिसळतात, हे एकदा समजलं की प्रमाणात चूक होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनच्या खाली क्रँकच्या पेटीत येतं, तिथं दाबलं जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. क्रँकच्या बेअरिंगना तेल पोचवणारा वेगळा पंपच नाही, पेट्रोलबरोबर आलेलं तेल हेच त्यांचं वंगण. जुन्या साध्या बेअरिंगांना ते जास्त लागतं. साठच्या आधीच्या बहुतेक लहान जॉन्सन-एव्हिनरूडना चोवीसास एक, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला दोनशे मिलीहून थोडं जास्त. १९६४ पासून या कंपन्यांनी बहुतेक मोटरींत पन्नासास एकवर उडी घेतली. जुन्या सीगलला तर दहास एक लागतं, पाच लिटरला अर्धा लिटर तेल. सीगलचा धूर त्यामुळेच प्रसिद्ध होता. तेल मात्र होडीच्या मोटरीचंच हवं, ज्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं मानक छापलेलं असतं. स्कूटरचं इंजिन हवेनं थंड होतं आणि खूप तापतं, तिच्या तेलात राख उरवणारी द्रव्यं असतात. पाण्यानं थंड राहणाऱ्या मोटरीत ती राख प्लगवर आणि रिंगांवर साचते. दिल्लीच्या पंपांवर सुटं टू-टी तेल विकायला सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानं बंदी आलीच आहे, तेव्हा सीलबंद डबाच घ्यावा लागेल.

या क्रँकच्या पेटीमुळे एक फसवा आजारही होतो. ठिणगी उत्तम, दाब उत्तम, कार्ब्युरेटर लखलखीत, आणि तरी मोटर सुरू होत नाही. अशा वेळी क्रँकचं सील गेलेलं असतं, पेटीत दाब धरत नाही, मिश्रण वर चढतच नाही. रबर मेलं की काय होतं, त्याचा हा सगळ्यात नेमका दाखला.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. १९४९ ते १९५९ दरम्यानच्या बऱ्याच जॉन्सन-एव्हिनरूडबरोबर वेगळी टाकी येई आणि तिला दोन नळ्या असत. एका नळीतून मोटर टाकीत दाब भरते, दुसरीतून पेट्रोल येतं. म्हणजे सत्तर वर्षं जुन्या पत्र्यात आणि जुन्या गॅस्केटमागे पेट्रोलची वाफ दाबून धरलेली. ती टाकी शोभेला ठेवा. मोटरीला छोटा डायफ्रामचा इंधनपंप बसवता येतो, तो क्रँकच्या पेटीतल्या दाबाच्या ठोक्यांवरच चालतो, आणि साधी टाकी वापरता येते. मूळ रूप राखण्याचा आग्रह धरणाऱ्या संग्राहकांना हे आवडत नाही. मला माणसाची कातडी मूळ रूपापेक्षा मोलाची वाटते.

खालच्या गिअरपेटीचा तळाचा स्क्रू उघडा. तेल दुधाळ आलं तर सील गेलं आहे आणि पाणी आत शिरतंय. पंख्याच्या दांड्यात शिअर पिन नावाची एक मऊ पिन असते. पंखा दगडाला किंवा ओंडक्याला अडकला तर गिअरऐवजी ती तुटावी यासाठी. तिच्या जागी खिळा घालणारे खूप भेटतात, आणि पुढच्या धडकेत ते गिअर गमावतात.

मग पाण्याचा पंप. इम्पेलरची पाती वर्षानुवर्षं एकाच बाजूला दुमडलेली राहून तशीच कडक होतात. ती दिसायला चांगली असली तरी बदला. पाण्याशिवाय मोटर काही सेकंदांपलीकडे चालवायची नाही, कारण इम्पेलरला वंगण आणि सिलिंडरला गारवा दोन्ही त्या पाण्याचाच. दिल्लीत ती यमुनेत चालवून पाहण्याची घाई करू नका. वजिराबादच्या बॅरेजपासून ओखल्यापर्यंतचा २२ किलोमीटरचा पट्टा हा नदीच्या लांबीचा जेमतेम दोन टक्के, पण प्रदूषणाचा सर्वांत मोठा भार तिथंच पडतो. पावसाळा सोडला तर त्यात वाहतं ते मुख्यतः नाल्यांचं पाणी. कालिंदी कुंजजवळचा साबणाचा फेस सगळ्या देशानं पाहिला आहे. गाळ इम्पेलर खातो आणि प्लास्टिकच्या पिशव्या पाणी ओढण्याची जाळी बंद करतात. वजिराबादच्या वरचं पाणी तुलनेनं बरं आहे. सोनिया विहार ते जगतपूर अशी प्रवासी बोट चालवण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला तोही याच भागासाठी, आणि त्यात बोटी सौर-विजेच्या ठरल्या आहेत. ते योग्यच आहे. जुनी टू-स्ट्रोक मोटर आपल्या इंधनातला मोठा हिस्सा न जाळताच बाहेर टाकते, दिल्लीच्या हवेत तिला रोजच्या कामाला लावण्याचं समर्थन मी करणार नाही.

तिच्यासाठी निळं दोनशे लिटरचं पिंप पुरतं. पिंपाच्या काठाला भक्कम फळी बांधा, मोटर तिच्यावर आवळा, पाणी पंपाच्या वरपर्यंत भरा. जागा उघडी हवी, गॅरेजमध्ये नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अग्निशामक हाताशी हवा, सैल बाह्या आणि ओढणी दूर. चोक ओढा, दोरी आधी सावकाश ओढून दाब जाणवेपर्यंत आणा आणि मग एक हिसका. पहिल्यांदा खोकेल, निळा-पांढरा धूर काढेल, आत ओतलेलं तेल जळेल. चोक अर्धा करा. चालू राहिली की लगेच पाण्याकडे बघा. अनेक जुन्या मोटरींना पाण्याची वेगळी धार बाहेर येत नाही, मागच्या छोट्या भोकातून एक्झॉस्टबरोबर नुसते तुषार उडतात. ते उडताहेत ना, आणि सिलिंडरच्या डोक्यावर हात टेकवता येतोय ना, हे तपासा. चटका बसला तर तत्काळ बंद. पाच मिनिटं पुरे. मग इंधन बंद करून वाटी रिकामी करा, प्लगच्या भोकात चमचाभर तेल सोडा आणि मोटर उभीच ठेवा, आडवी नको. आडवी ठेवली तर उरलेलं पाणी सिलिंडरकडे जातं.

संग्राहकांच्या छंदापलीकडे हे सगळं कुणाच्या कामाचं आहे, ते सांगतो. १३ जुलै २०२३ ला जुन्या लोखंडी पुलाजवळ यमुना २०८.६६ मीटरवर पोचली. धोक्याची खूण २०५.३३ ची, आणि १९७८ चा उच्चांक २०७.४९ चा होता. रिंग रोडवर पाणी, कश्मीरी गेटला पाणी, लाल किल्ल्याच्या भिंतीशी पाणी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या फुगवायच्या बोटी उतरल्या. गाझियाबादला त्या दलाची आठवी बटालियन आहे, आपल्याकडे पुण्याजवळ सुदुंबऱ्याला पाचवी. या दलांच्या मोटरी नियमानं तपासल्या जातात. पण देशभरात तहसिलीत, पालिकेच्या गोदामात, ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवलेल्या मोटरींचं आयुष्य वेगळं असतं. त्या वर्षातले दहा-अकरा महिने हलत नाहीत. त्यांना होणारे आजार तेच, जे साठ वर्षं पडलेल्या मोटरीला होतात: वाटीत घट्ट झालेलं पेट्रोल, टाकीच्या तळाला पाण्याचा थर, एका बाजूला वाकून बसलेला इम्पेलर. नवी मोटर दोन पावसाळ्यांत म्हातारी होते ती अशी.

म्हणून कृष्णा, पंचगंगा, वारणा, गोदावरी यांच्या काठच्या ज्या गावांत बोट आणि मोटर आहे, तिथल्या लोकांना माझी विनंती आहे. एप्रिलमध्ये मोटर बाहेर काढा. एक पिंप भरा, जुनं पेट्रोल पूर्ण ओतून टाका, ताजं मिश्रण घाला, इम्पेलर आणि प्लग नवा बसवा आणि गावातल्या दोन-तीन तरुणांना ती स्वतः सुरू करायला लावा. मे आणि जूनमध्ये पुन्हा एकेकदा पाच मिनिटं चालवा. गोदामाच्या भिंतीवर तारीख आणि चालवणाऱ्याचं नाव लिहा. एक जादा प्लग, एक शिअर पिन आणि एक इम्पेलर पिशवीत घालून मोटरीलाच बांधून ठेवा.